चाळीस वर्षं खुर्ची सांभाळायची तर

राजकारणात उतरायचं पक्कं केलं असेल, तर आधी मोठ्या पदाचा मोह सोडा. गव्हर्नर नको, सिनेटर नको आणि महापौर तर अजिबात नको. महापौराचं नाव गावाला ठाऊक असतं, आणि रस्त्यात खड्डा पडला की शिव्या नाव ठाऊक असलेल्यालाच बसतात. तुम्ही आपले लॉस एंजेलिस काउंटीच्या (काउंटी म्हणजे अमेरिकेतला जिल्हा समजा) बोर्ड ऑफ सुपरवायझर्सवर, म्हणजे तिच्या कारभारी मंडळावर जा.

काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या घरात, आणि सुपरवायझर फक्त पाच. म्हणजे एकेकाच्या वाट्याला वीसेक लाख माणसं. वॉशिंग्टनच्या लोकप्रतिनिधीगृहात बसणाऱ्याच्या मतदारसंघात याच्या निम्मीही नसतात. वर्षाचं बजेट 40 अब्ज डॉलरच्या वर. तुरुंग, सरकारी इस्पितळं, निराधार मुलांची सोय, समुद्रकिनारे, वाचनालयं, शवागार, सगळ्यांच्या पैशाच्या नाड्या या पाचांच्या हातात. नियम करणारे हेच आणि कारभार हाकणारेही हेच. वर महापौर नाही, व्हेटो मारणारं कुणी नाही. अध्यक्षपद दरवर्षी आपसातच फिरतं, त्यामुळे रुसवेफुगवेही बेताचे. तिकडचे पत्रकार त्यांना 'पाच छोटे राजे' म्हणायचे. 2020 च्या डिसेंबरात पाचही जागांवर बायका आल्या, तेव्हापासून राण्या म्हणू लागले.

आणि एवढं सगळं असून त्यांना ओळखत कुणी नाही. काउंटीतल्या आर्टेशिया गावी, भारतीय दुकानांच्या पायोनियर बुलेव्हार्डवर मिठाईच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, "तुमचा सुपरवायझर कोण हो?" तो बिचारा स्वतःच्या ऑफिसातल्या बॉसचं नाव सांगेल. हे अज्ञान म्हणजे तुमची मुदत ठेव. तिला हात लावू नका.

आता आत शिरायचं कसं? दोन रस्ते. पहिला म्हणजे साहेबांची बॅग उचलणं. डीन डेना 1980 ला निवडून आले आणि 1996 ला निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या खुर्चीत बसले त्यांचेच चीफ ऑफ स्टाफ डॉन क्नाबी. माइक अँटोनोविच 1980 पासून 2016 पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं सुपरवायझर होते. ते उठले आणि त्यांच्या चीफ ऑफ स्टाफ कॅथरिन बार्गर बसल्या. आपल्याकडे साहेबांचा पीए साहेबांच्या मुलासाठी सतरंज्या उचलत म्हातारा होतो. तिथे पीएलाच तिकीट मिळतं. लोकशाही लोकशाही म्हणतात ती हीच असावी.

दुसरा रस्ता म्हणजे योग्य घरात जन्म घेणं. हा जास्त भरवशाचा. क्नाबींची जागा 2016 ला रिकामी झाली, तेव्हा त्यांच्या कार्यालयातले जुने सहकारी स्टीव्ह नेपोलिटानो उभे राहिले. पहिल्या रस्त्याचा नियम त्यांनी पाळला होता. पण समोर होत्या जॅनिस हान. बॅग आणि आडनाव आमनेसामने आले, आणि आडनाव जिंकलं. बाईंच्या पदरी स्वतःचा अनुभव नव्हता असं नाही, त्या आधी नगरपरिषदेत होत्या आणि वॉशिंग्टनच्या लोकप्रतिनिधीगृहातही. पण ज्या इमारतीत बोर्डाची सभा भरते तिच्यावरच वडलांचं नाव कोरलेलं असेल, तर प्रचाराच्या पाट्यांवर खर्च तरी कशाला करायचा?

तर वडील. केनेथ हान हे या विद्येचे मूळपुरुष. त्यांचा अभ्यास केल्याशिवाय अर्ज भरू नका. 1952 ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते निवडून आले, आणि 1992 ला उठले. दर चार वर्षांनी एक अशा दहा निवडणुका, दहाही जिंकल्या. 1987 ला त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि 1988 ला मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. हान गोरे, त्यांच्या मतदारसंघात कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी, तरी मतदार हलले नाहीत. याचं रहस्य काय, असं तुम्ही विचाराल. रहस्य थोडं अडचणीचं आहे. हा माणूस कामं करायचा.

1953 पासून त्यांनी डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांना पत्रं लिहायला घेतली: तुमच्या गाड्यांच्या धुरानं आमचं शहर घुसमटतंय, त्याचं काय करताय? फोर्डकडून पहिल्याच वर्षी उत्तर आलं की धूर हवेत चटकन विरून जातो, प्रदूषणाचा प्रश्नच येत नाही. दुसरा कुणी असता तर ते उत्तर फाइलला लावून मोकळा झाला असता. हान वर्षानुवर्षं लिहीत राहिले, आणि पत्रव्यवहार छापून लोकांपुढे ठेवला. फ्रीवेवर गाडी बंद पडली तर मदत मागायला कडेला टेलिफोनच्या पेट्या लागल्या, त्या त्यांच्याच खटपटीनं. वॉट्स या वस्तीतल्या 1965 च्या दंगलीनंतर त्या भागात सरकारी इस्पितळ उभं राहावं म्हणून जे झटले त्यांत हे पुढे. ते 1972 ला सुरू झालं.

हा भाग वाचून घ्या आणि सोडून द्या. कामं करून निवडून येणं हा लांबचा आणि दमवणारा वळसा आहे. हान यांचं घेण्यासारखं एकच, टेलिफोनच्या पेटीवर लोकांच्या नजरेला पडेल अशी जागा असते. धुराच्या पत्रांवर मतं मिळत नाहीत, पेटीवर मिळतात.

एकदा आत गेलात की बाहेर पडणं कठीण. निवडणूक पक्षाशिवाय होते, मतपत्रिकेवर चिन्ह नाही आणि पक्षाचं नावही नाही. उमेदवाराचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात त्याचा धंदा, एवढंच. समोरच्या उमेदवाराखाली 'शिक्षिका' किंवा 'छोटा व्यावसायिक' असं लिहिलेलं असतं. तुमच्या नावाखाली 'काउंटी सुपरवायझर'. ज्याला दोघांतलं कुणीच ठाऊक नाही असा मतदार काय करील? सुपरवायझर निवडायचा आहे आणि समोर आयता सुपरवायझर दिसतोय. पहिल्याच फेरीत निम्म्याहून एक मत जास्त पडलं की काम फत्ते, नोव्हेंबरची वाट बघायला नको. 2024 ला ज्या तिघी उभ्या होत्या, त्यांनी मार्चमध्येच गुलाल उधळून घेतला. 1980 ला दोन विद्यमान सुपरवायझर एकदम पडले होते. त्यानंतर 2024 पर्यंत मतदारांनी एकालाही घरी पाठवलेलं नाही.

पूर्वी याहून सोपं होतं, कारण मतदारसंघाच्या रेषा पाचजण स्वतःच आखत. 1981 ला त्यांनी अशा काही आखल्या की लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या लोकांची वस्ती तुकड्यांत वाटली गेली आणि पाचही खुर्च्या सुखरूप राहिल्या. प्रकरण कोर्टात गेलं. गार्झा खटला म्हणतात त्याला. यातला शिकण्यासारखा भाग म्हणजे युक्तिवाद: आम्हाला कुणाविषयी आकस नव्हता हो, आम्हाला फक्त आपापल्या जागा टिकवायच्या होत्या! आणि मजा अशी की हेतू मुख्यतः खुर्ची वाचवण्याचाच होता, हे कोर्टालाही पटलं. पण खुर्ची वाचवायला एका समाजाचं मत जाणूनबुजून फोडलंत, तर तोही भेदभावच, असं म्हणून 1990 ला रेषा पुसल्या. नव्या रेषांवर 1991 ला ग्लोरिया मोलिना निवडून आल्या, बोर्डावरच्या पहिल्या लॅटिना. आता रेषा आखायला स्वतंत्र नागरिक आयोग आहे, त्यामुळे हा धडा नुसता इतिहास म्हणून वाचायचा. तोंडाला पाणी सुटेल, त्याला इलाज नाही.

मुदतीच्या मर्यादेला घाबरू नका. ती दुसऱ्यांवर लादायची असते. पीट शाबारम 1972 पासून बोर्डावर होते. 1990 ला त्यांनी पुढाकार घेऊन राज्याच्या आमदारांना मर्यादा घालणारा प्रस्ताव मतदारांकडून मंजूर करून घेतला: विधानसभेत सहा वर्षं, सिनेटमध्ये आठ, पुढे घरी बसा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं, तेही पदावर अठरा वर्षं काढून झाल्यावर. सुपरवायझरांची पाळी यायला 2002 उजाडलं. तेव्हा चार वर्षांच्या लागोपाठ तीनच मुदती असं ठरलं, पण मागच्या मुदती धरायच्या नाहीत. त्यामुळे 1980 पासून बसलेल्या अँटोनोविच यांचं मीटर शून्यावर आलं आणि ते 2016 पर्यंत आरामात पोचले.

या अँटोनोविच साहेबांकडून एक खास गोष्ट शिकून घ्या. बोर्डाची सभा मंगळवारी. विषयपत्रिकेत तुरुंगातली गर्दी, इस्पितळांतला तोटा, कोर्टातली नुकसानभरपाई, सगळं असायचं. आणि हे गृहस्थ काउंटीच्या प्राणी आश्रयगृहातलं एक कुत्रं सभागृहात आणवायचे. ते हातात धरून कॅमेऱ्यासमोर त्याची ओळख करून द्यायची, आणि ज्याला हवं असेल त्यानं घरी न्यावं म्हणून सांगायचं. हे एकदाच नाही, सभेमागून सभेत, वर्षानुवर्षं. कुत्रं शेपटी हलवतंय, साहेब हसताहेत. आता या माणसाला कुणी कोट्यवधींचा हिशेब विचारेल? विचारणाऱ्याला माइकवर मोजकी मिनिटं मिळतात, आणि त्याच्याकडे कुत्रंही नसतं. (ती कुत्री खरंच चांगल्या घरी गेली असतील, याबद्दल माझी तक्रार नाही.)

मुख्य कौशल्य मात्र जबाबदारीचं आहे. ती घ्यायची नाही, वाटायची. बेघरांच्या प्रश्नासाठी 1993 ला शहर आणि काउंटीनं मिळून एक संयुक्त संस्था काढली. तीस वर्षं शहरानं काउंटीकडे बोट दाखवलं, काउंटीनं शहराकडे आणि दोघांनी संस्थेकडे. 2025 च्या एप्रिलमध्ये बोर्डानं संस्थेकडून 30 कोटी डॉलरहून अधिक पैसा काढून घेऊन काउंटीचा स्वतःचा वेगळा विभाग काढायचं ठरवलं. ही चूकच झाली म्हणायची, कारण आता बोट दाखवायला एक जागा कमी.

पण त्याच वर्षी जानेवारीत अल्टाडेना जळालं, तिथं वाटणी फार चोख होती. अल्टाडेना हे गाव आहे, नगरपालिका नाही. बेचाळीस हजारांच्या आसपास वस्ती, ना महापौर, ना स्वतःचे पोलीस. त्यांची नगरपरिषद म्हणजे हेच पाचजण. 7 जानेवारीला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ईटन कॅन्यनला आग लागली. गावाच्या पूर्व भागाला घरं सोडायचा आदेश रात्री गेला. पश्चिम भागाला गेला पहाटे तीननंतर, घरं पेटल्यावर. 19 माणसं गेली, जवळजवळ सगळी पश्चिमेची. त्यात म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं. आदेश काढायचं काम शेरीफचं (म्हणजे काउंटीच्या पोलिसांचं), अग्निशमन दलाचं की आपत्ती व्यवस्थापनाचं, याची पुढे चौकशी झाली. ती करायला बाहेरची सल्लागार कंपनी नेमली. कंपनीनं सप्टेंबरमध्ये अहवाल दिला: धोरणं जुनाट होती, माणसं अपुरी होती, कुणी काय करायचं ते स्पष्ट नव्हतं. एकट्याकुणाची चूक निघाली नाही. तीन खात्यांचा खर्च ठरवणारं बोर्ड कोणतं, हा प्रश्न चौकशीच्या बाहेर राहिला तर तुम्ही परीक्षेत पास झालात असं समजा.

एक पथ्य पाळा, खाऊ नका. नीतीच्या गोष्टी सांगत नाही, गरजच नाही म्हणून सांगतो. पगार वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाएवढा आहे. शेजारच्या ऑरेंज काउंटीचे सुपरवायझर अँड्र्यू डो यांना एवढ्यावर भागलं नाही. कोविडच्या काळात म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जेवणासाठी आलेला पैसा त्यांनी आपल्या मतानं एका संस्थेकडे वळवला आणि तिच्याकडून साडेपाच लाख डॉलरहून जास्त लाच घरच्यांमार्फत घेतली. 2024 ला गुन्हा कबूल केला, 2025 ला पाच वर्षांची सजा लागली. म्हाताऱ्यांच्या ताटातलं खाणारा तुरुंगात गेला की लोकांना सुपरवायझर नावाचं काही असतं हे कळतं. म्हणजे आपलं भांडवलच बुडालं.

शेवटी पार्क. स्वतःच्या नावाचा पार्क मिळतो, तो मागायला लाजू नका. बोनेली, शाबारम, डीन डेना, हान, सगळ्यांचे आहेत. आर्टेशियाच्या अगदी बाजूला सेरिटोसमध्ये क्नाबींचाही आहे. रविवारी सकाळी आपली मंडळी तिथे फिरायला जातात आणि क्नाबी म्हणजे एखादं झाड असावं अशा समजुतीनं पाटीसमोर फोटो काढतात.

आता तातडीचं. 2024 च्या नोव्हेंबरात मतदारांनी काठावरच्या बहुमतानं ठरवलं की 2032 पर्यंत पाचाचे नऊ सुपरवायझर करायचे, आणि 2028 ला काउंटीचा कारभारी थेट लोकांनी निवडायचा. हे मंजूर करताना 2020 ला लोकांनीच मंजूर केलेलं दुसरं कलम चुकून उडायची वेळ आली. तुरुंगाला पर्याय म्हणून काउंटीच्या स्वतःच्या मोकळ्या उत्पन्नातला दहावा हिस्सा वस्त्यांसाठी राखणारं. हे बोर्डाच्या लक्षात आलं नाही, वकिलांच्याही नाही. सात-आठ महिन्यांनी काउंटीतल्याच एका गावच्या माजी नगरसेवकानं दाखवून दिलं. काउंटीनं सांगितलं, कारकुनी चूक.

चार जागा नव्या निघणार आहेत. बॅग उचलायला आत्तापासून लागा.