गाईडला पोपट म्हणण्याआधी

‘मुक्तप्रवासी’ यांना,

नमस्कार. पेट्रा, म्हणजे जॉर्डनमधलं कातळात कोरलेलं प्राचीन शहर, गाईडबरोबर पाहावं, असं सुचवणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिथेच खाली दोन ओळी लिहून विषय संपवता आला असता, पण तसं करवलं नाही. म्हणून हे वेगळं लिहितेय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी देते. तुम्ही लिहिलंत: ‘लेखाने निराशा केली. गाईड म्हणजे पाठ केलेली पोपटपंची, तिच्यामागे मेंढरांसारखं फिरायला पेट्रापर्यंत कशाला जायचं? दोन पुस्तकं वाचून गेलं की झालं. ग्रुप टूर डोंगरावरच्या अद-दैर या कोरीव वास्तूपर्यंत जातच नाही, दुपारी सगळ्यांना परत फिरवतात. तिकिटाचा खर्च लेखात नाही. आणि तिथल्या गुहांमधून ज्या बदूल या बेदुईन जमातीच्या लोकांना उठवलं त्यांच्याबद्दल एक अवाक्षर नाही.’

आधी जे मान्य आहे ते सांगून टाकते. खर्च द्यायला हवा होता. जॉर्डनमध्ये मुक्कामाला असलेल्या परदेशी पाहुण्याला पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनारला पडतं. जॉर्डन पास आधीच काढला असेल आणि देशात किमान तीन रात्री राहणार असाल, तर व्हिसाचं शुल्क आणि हे तिकीट दोन्ही त्यातच येतं. ही माहिती आता लेखात घातली आहे. तुम्ही लक्षात आणून दिलंत, आभार.

आता ‘पोपटपंची’कडे येते. टीका मला नवी नाही आणि तिची भीतीही नाही. या ब्लॉगवर माझ्या मताच्या पूर्ण विरुद्ध लिहिणारे वाचक आहेत आणि त्यांच्याशी माझं उत्तम चालतं. पण तुम्ही एका ओळीत अख्ख्या व्यवसायाला पोपट ठरवलंत, त्यांच्याबरोबर फिरणाऱ्यांना मेंढरं म्हणालात, आणि त्या ओळीला आधार म्हणून एकही उदाहरण दिलं नाहीत. कोणता गाईड? त्याने काय चुकीचं सांगितलं? कुठल्या ठिकाणी? यातलं काहीही तुमच्या प्रतिक्रियेत नाही. ती वाचून मला फक्त तुमचा तुच्छतेचा सूर कळला.

आणि तो सूर मला का लागला, हेही सांगते. माझे वडील वेरूळच्या लेण्यांवर गाईड होते. सरकारी परवाना असलेले. आमचं घर खुलताबादला. दिवाळीच्या सुट्टीत इतरांचे वडील घरी असायचे, आमचे अण्णा लेण्यांवर असायचे, कारण हंगामच तो. जपानी प्रवासी येतात म्हणून ते उतारवयात जपानी शिकायला बसले. कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसलं, तर थाप न मारता वहीत लिहून घ्यायचे आणि लेण्यांवर काम करायला आलेल्या संशोधकांना, दगडाची डागडुजी करणाऱ्या कारागिरांना विचारत राहायचे. रात्री घसा बसलेला असायचा. आई हळदीचं दूध करून द्यायची. तेच वाक्य ते हजारदा बोलले असतील, नाकारत नाही. पण ते ऐकणारा माणूस दर वेळी नवा असायचा, आणि अण्णा त्याच्याकडे बघून बोलायचे.

कैलास लेणं, म्हणजे १६ नंबर, ते दारातून आत नेऊन दाखवायला सुरुवात करत नसत. लोकांना आधी बाजूने डोंगरावर चढवायचे. लोक कुरकुरायचे, ऊन असायचं, बूट घसरायचे. वर पोचल्यावर ते खालचं शिखर दाखवायचे आणि म्हणायचे, ‘इथून सुरुवात झाली.’ वरून खाली कोरत जाणं म्हणजे काय, हे माणसाला तिथे उभं राहिल्यावर एका क्षणात कळतं. मग खाली उतरून आत गेल्यावर तो हत्ती, ते स्तंभ, ते पूल यांच्याकडे तो वेगळ्या नजरेने बघतो. काय आधी बघायचं आणि काय नंतर, हे ज्याला कळतं त्याला मी पोपट म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणालात.

पेट्राला मला हेच सगळं पुन्हा दिसलं. तिथेही ते शहर वसवणाऱ्या नबातियनांनी, म्हणजे त्या काळच्या अरब व्यापारी लोकांनी, कातळ वरून खाली कोरला. आपला बेसॉल्ट कठीण, तिथला वाळूचा दगड मऊ, पण कामाची दिशा तीच. खझना, ज्याच्यासमोर सगळं जग फोटो काढतं, तो इतका पूर्ण आणि घोटलेला आहे की त्याच्याकडे बघून ही पद्धत लक्षात येत नाही. जवळपास ४० मीटर उंचीचा दर्शनी भाग, आणि बघणारा फक्त थक्क होतो. आमच्या गाईडने, पेट्राशेजारच्या वादी मूसा गावाचाच माणूस, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यावर वरपर्यंत गेलेल्या खाचांच्या रांगा दाखवल्या आणि म्हणाला, उत्तर पुढे आहे. मग बरंच पुढे, कसर अल-बिन्त या मंदिराच्या बाजूला, त्याने आम्हाला एका अर्धवट कबरीसमोर उभं केलं. वरचा भाग कोरून झालेला, खाली नुसता अनघड डोंगर. काम सोडून गेलेल्या माणसांनी आपली पद्धत तिथे उघडी ठेवली आहे. त्या कबरीसमोर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. लोक तिच्यावरून सरळ पुढे जात होते, कारण ती सुंदर नाही. तुमच्या त्या दोन पुस्तकांच्या भरवशावर मीही तशीच पुढे गेले असते.

पुस्तकांबद्दल मला कमी आदर आहे असं समजू नका. मी वाचून गेले होते, आणि भरपूर वाचून गेले होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तांबड्या समुद्रावरच्या ल्यूके कोमे बंदरातून पेट्राला, नबातियनांच्या मलिखस राजाकडे जाणाऱ्या वाटेचा उल्लेख आहे, आणि त्याच मजकुरात पुढे आपलं कल्याण, तेर आणि पैठण येतं. ज्या मुलीचं बालपण पैठणपासून काही तासांच्या अंतरावर गेलं, तिला हे वाचून काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पण व्यापार म्हणजे नक्की काय, ते मला सिकमध्ये कळलं. सिक ही सव्वा किलोमीटरची अरुंद घळ, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. गाईड मध्येच थांबला आणि भिंतीकडे बोट केलं. मला काही दिसेना. मग त्याने माणसाचे पाय दाखवले, अंगरख्याची घडी दाखवली, आणि त्यामागे उंटांचे पाय. माणसाहून मोठ्या आकाराचा तांडा, वरचा भाग झिजून गेलेला, खालचा गाळाखाली गाडला गेला म्हणून वाचलेला. १९९० च्या दशकात सिकमधला गाळ उपसला तेव्हा तो बाहेर आला. धूप आणि बोळ लादून आलेल्या माणसांनी याच वाटेने शहरात पाऊल टाकलं. आमच्या पुढून एक कुटुंब खझना कधी येतो म्हणत भरभर गेलं. त्यांनी ते पाय बघितले नाहीत.

त्याच भिंतींमधून पाणी कसं आणलं तेही बघा. एका बाजूला कातळात कोरलेला पाट, दुसऱ्या बाजूला मातीच्या नळ्यांची ओळ. वर्षातून मोजके दिवस पाऊस पडणाऱ्या वाळवंटात या लोकांनी टाकी, बंधारे आणि पाट करून शहर वसवलं. पावसाचा लोंढा सिकमध्ये शिरू नये म्हणून तोंडाशी बंधारा बांधला आणि डोंगरातून बोगदा काढून पाणी वळवलं. तो बंधारा काळाच्या ओघात गेला, आणि १९६३ च्या एप्रिलमध्ये अचानक आलेल्या पुरात सिकमध्ये वीसहून जास्त फ्रेंच प्रवासी वाहून गेले. त्यानंतर नबातियनांच्याच जागी नवा बंधारा उभा केला. गाईड हे सांगताना आवाज खाली आणून बोलत होता, आणि सांगून झाल्यावर त्याने आभाळाकडे पाहिलं. तुम्ही म्हणता तसं पाठ केलेलं असेलही. मला ते पाठ केल्यासारखं वाटलं नाही.

आणखी एक. १८१२ मध्ये योहान लुडविग बुर्कहार्ट हा स्विस माणूस पेट्रात पोचला आणि युरोपला या शहराचा पत्ता लागला. तो ‘शेख इब्राहिम’ या नावाने वावरत होता, अरबी उत्तम बोलत होता, वाचन तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी तो आत शिरला तो स्थानिक वाटाड्याबरोबर. जबल हारून या डोंगरावर बकरा बळी द्यायचा आहे असं त्याने सांगितलं, आणि तो अवशेषांमध्ये रेंगाळायला लागल्यावर वाटाड्याला संशयही आला. त्या वाटाड्याला वाट माहीत होती, डोंगर माहीत होता, धोका माहीत होता. बुर्कहार्टचं नाव इतिहासात राहिलं, वाटाड्याचं नाही. ‘गाईडशिवाय खरं बघता येतं’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढं ध्यानात घ्यावं.

गाईड दंतकथा विकतात, असंही तुमच्या ओळीत सुचवलेलं आहे. आमच्याने उलट केलं. खझन्याच्या माथ्यावरच्या कलशात खजिना आहे या समजुतीने लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या, त्या खुणा त्याने दाखवल्या, आणि कलश आतून भरीव दगड आहे हे लगेच सांगितलं. २००३ मध्ये खझन्याच्या जमिनीखाली कबरी सापडल्या हे सांगितलं. माझ्या पुस्तकात ते नव्हतं, कारण पुस्तक जुनं होतं. २०२४ मध्ये तिथेच आणखी एका कबरीत १२ सांगाडे सापडले. आज तो गाईड ते सांगत असणार, याची मला खात्री आहे. माझ्या कपाटातलं पुस्तक सांगणार नाही.

राहिलेल्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. टूर अद-दैरला नेत नाही, बरोबर. पण टूर संपल्यावर तिकडच्या आठशेहून जास्त पायऱ्या चढायला कोणी अडवत नाही. मी चढले, तुम्हीही चढा. दुपारी परत फिरवणं हा त्या त्या कंपनीचा प्रश्न आहे, गाईडचा नाही. बदूल लोकांना १९८० च्या दशकात उम्म सैहून या वस्तीत हलवलं, हे मला माहीत आहे. माझा लेख त्यावर नव्हता. प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट यावी ही अपेक्षा मला मान्य नाही, आणि ज्या माणसाला तिथल्या लोकांबद्दल इतकी कळकळ आहे, त्याने त्याच लोकांपैकी पोट भरण्यासाठी गाईडचं काम करणाऱ्यांना पोपट म्हणावं, हे मला समजत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, आहे तशी ठेवली आहे. या ब्लॉगवरचे बरेच वाचक टूरने जातात. त्यांतले कित्येक साठीच्या पुढचे आहेत, काहींची ही पहिलीच परदेशवारी आहे, आणि पैसे साठवून ते जातात. त्यांच्यासाठी पुन्हा ‘मेंढरं’ हा शब्द इथे आला तर मात्र ती प्रतिक्रिया राहणार नाही. गाईडने तुम्हाला खरंच काही चुकीचं सांगितलं असेल, तर कुठे आणि काय ते लिहा. मी ते लेखाच्या खाली, तुमच्या नावाने जोडेन.