गुलामगिरीवरचा महान सिनेमा न बघता कसं भारावून जावं

मंडळी, गुलामगिरीवरच्या सिनेमाला थोर म्हणायला तो आधी बघावा लागतो, हा गैरसमज प्रथम डोक्यातून काढून टाका. २०१४ मध्ये ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पाठोपाठ लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्राने बातमी दिली, की अकादमीच्या दोन मतदारांनी सिनेमा न बघताच त्याला मत टाकलं होतं. बघवणार नाही म्हणून बघितला नाही, आणि विषय महत्त्वाचा म्हणून मत दिलं. इतका निरपेक्ष रसिक दिवा घेऊन शोधलात तरी सापडणार नाही. सोहळ्याच्या रात्री सूत्रसंचालिका एलन डीजेनेरसने तर मंचावरूनच सांगून टाकलं होतं, की शक्यता दोनच आहेत: एक तर हा सिनेमा जिंकेल, नाहीतर तुम्ही सगळे वंशद्वेष्टे ठराल. सभागृह खळखळून हसलं. निकाल त्यानंतर लागला.

टाळ्यांचा मुहूर्तही शिकून घ्या. २०१६ मध्ये सनडान्स महोत्सवात नॅट टर्नर या गुलामाच्या १८३१ च्या उठावावरचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ लागला, तेव्हा प्रेक्षक खेळ सुरू होण्याआधीच उभे राहिले. त्याचे हक्क १ कोटी ७५ लाख डॉलरना विकले गेले, महोत्सवातला तोवरचा विक्रम. ऑक्टोबरात तो थिएटरांत आला आणि तिकीट काढून बसायलाही फारसं कुणी मिळेना. त्याला दिग्दर्शकाभोवती उठलेलं वादळही कारण होतं, पण आपण एवढाच बोध घ्यावा, की ज्या टाळ्या आधी वाजतात त्यांच्यात सिनेमाचा अडथळा येत नाही.

आता नायकाकडे वळू. गुलामगिरीवरच्या सिनेमाला नायक गोरा असावा. वकील असेल तर उत्तम, म्हातारा वकील असेल तर फारच उत्तम. स्टीव्हन स्पीलबर्गचा १९९७ चा ‘अमिस्टाड’ या बाबतीत आदर्श मानावा. १८३९ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यालगत आफ्रिकन बंदिवानांनी जहाज ताब्यात घेतलं, पकडले गेले, आणि १८४१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केलं. समुद्रातल्या गुलामांच्या प्रवासाचा त्यातला भाग खरोखर अंगावर येतो. साखळीने बांधलेली माणसं दगडांच्या ओझ्यासकट समुद्रात ओढली जातात, तेव्हा स्पीलबर्गला नावं ठेवणाऱ्याचीही वाचा बसते. पण तो भाग संपला की तुम्ही सावरून बसा, कारण अँथनी हॉपकिन्स उठून उभे राहतात आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स होऊन बोलू लागतात. मागे जॉन विल्यम्सचं संगीत. पूर्वजांचं स्मरण, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, न्यायमूर्तींच्या चेहऱ्यावर पालट. खरे ॲडम्स दोन दिवसांत मिळून आठ तासांहून अधिक बोलले होते, पण थिएटरात मध्यंतर दोनदा देता येत नाही.

इथे एक पथ्य पाळा. निकालपत्र वाचू नका. न्यायालयाने गुलामगिरी वाईट म्हणून त्या माणसांना सोडलं नव्हतं. आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला स्पेनच्याच कायद्याने बंदी होती, म्हणून ती माणसं कायदेशीर ‘माल’ ठरली नाहीत, एवढाच मुद्दा होता. त्याच जहाजावर अंतोनिओ नावाचा एक पोरगा होता, मेलेल्या कप्तानाचा रीतसर गुलाम. त्याला मालकाच्या वारसांकडे परत पाठवायचं ठरलं. त्याने न्यायावर विसंबून न राहता हितचिंतकांच्या मदतीने कॅनडा गाठला. आता हे कळल्यावर हॉपकिन्सच्या भाषणाला रडू कसं येणार? आणि हो, ऑस्करच्या नामांकनात हॉपकिन्स होते, बंडाचा म्होरक्या सिंके साकारणारा जायमन हॉन्सू नव्हता. मॉर्गन फ्रीमनने केलेला गुलामगिरीविरोधी कृष्णवर्णीय चळवळकर्ता तर इतिहासात नव्हताच, तो पटकथेसाठी घडवलेला. त्या काळी खरेखुरे कृष्णवर्णीय चळवळकर्ते होते, पण खऱ्या माणसांची अडचण अशी की त्यांना स्वतःची मतं असतात.

‘ग्लोरी’ (१९८९) बघताना हेच तंत्र वापरा. अमेरिकेच्या यादवी युद्धातली ५४ वी मॅसॅच्युसेट्स ही कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण, १८६३ चा फोर्ट वॅगनरचा हल्ला, आणि सगळी गोष्ट गोऱ्या कर्नलच्या नजरेतून. गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढणारा कृष्णवर्णीय पुढारी फ्रेडरिक डग्लस, त्याचे दोन मुलगे या पलटणीत होते, त्यातला लुईस तर सार्जंट मेजर. ते सिनेमात नाहीत. त्यांच्या जागी कल्पनेतले सैनिक आहेत, बहुतेक पळून आलेले गुलाम, खरी पलटण मुख्यतः उत्तरेतल्या स्वतंत्र माणसांची असूनही. स्वतंत्र, शिकलेला कृष्णवर्णीय सैनिक दाखवला तर त्याला माणूस बनवण्याचं श्रेय कर्नलला कसं द्यायचं? डेन्झेल वॉशिंग्टनला फटके बसताना गालावरून ओघळणारा एकच अश्रू ऑस्कर घेऊन गेला. अभिनय तसाच आहे, वादच नाही. अमेरिकन लष्करात फटक्यांची शिक्षा १८६१ मध्येच बंद झाली होती, हे त्या अश्रूला कुणी सांगू नये.

स्पीलबर्गच्याच ‘लिंकन’मध्ये (२०१२) डग्लस स्वतःही नाही. जिवंत होता, लिंकनला भेटत होता, भांडत होता, पण वॉशिंग्टनच्या त्या सुंदर धूसर उजेडात त्याला जागा झाली नाही. एलिझाबेथ केकली आहे. स्वतःची किंमत भरून स्वतःला सोडवलेली, मुक्त झालेल्यांसाठी मदत संस्था काढणारी बाई. सिनेमात ती मुख्यतः प्रेक्षक सज्जात बसून गुलामगिरीबंदीच्या घटनादुरुस्तीवरचं गोऱ्या पुरुषांचं मतदान बघते. त्या मतदानात कनेक्टिकटचे दोन प्रतिनिधी विरोधात गेलेले दाखवलेत, खरं तर चौघेही बाजूने होते. कनेक्टिकटच्या खासदाराने तक्रार केली. केकलीच्या वतीने तक्रार करायला मतदारसंघ नव्हता.

मात्र या सिनेमाचा एक दुष्परिणाम झाला आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. मिसिसिपीत राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका प्रेक्षकाला हा सिनेमा बघून प्रश्न पडला, की गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला पुढे कुठल्या राज्याने कधी मान्यता दिली? शोध घेतल्यावर कळलं, मिसिसिपीने १९९५ मध्ये मंजुरी दिली खरी, पण कागद वॉशिंग्टनला पाठवायचाच राहिला. तो २०१३ मध्ये गेला. सिनेमा बघून माणूस भारावण्याऐवजी दफ्तर धुंडाळायला लागला, म्हणजे कुठेतरी दिग्दर्शन कमी पडलं असणार.

इतिहासाच्या चुका काढणाऱ्या मित्राला गप्प कसं करायचं हेही विचाराल. क्वेंटिन टॅरंटिनोचं ‘जँगो अनचेन्ड’ (२०१२) पुढे करा. १८५८ ची गोष्ट, आणि डायनामाइटचे धमाके, ज्याचं पेटंट आल्फ्रेड नोबेलला १८६७ मध्ये मिळालं. दोन गुलामांना मरेपर्यंत झुंजवण्याचा जो खेळ त्यात आहे, त्याला इतिहासकारांना पुरावा सापडलेला नाही. माझं मत विचाराल तर हा या यादीतला सर्वात प्रामाणिक सिनेमा. तो स्वतःला इतिहास म्हणवत नाही, सूडाचा दंगा म्हणवतो, आणि निदान बंदूक तरी गुलामाच्या हातात देतो. अभिनयाचं ऑस्कर अर्थातच शुद्ध इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या जर्मन दंतवैद्याला.

आता ‘ट्वेल्व्ह इयर्स’. हा खरोखर मोठा सिनेमा आहे आणि म्हणूनच त्याचं कौतुक जपून, चुकीच्या कारणांसाठी करावं. सॉलोमन नॉर्थअप, न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र माणूस, व्हायोलिन वाजवणारा. १८४१ मध्ये वॉशिंग्टनला फसवून पळवला, न्यू ऑर्लीन्सला विकला, जानेवारी १८५३ मध्ये सुटला. दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन त्याला फासावर लटकवतो, बोटं चिखलात कशीबशी टेकलेली, आणि कॅमेरा हलतच नाही. मागे बाकीचे गुलाम कामाला लागतात, पोरं खेळतात, बाई येऊन पाणी पाजून जाते. बघणाऱ्याला वाटतं, आता तरी कुणीतरी यावं. कुणी येत नाही. या एका दृश्यासाठी त्याला सात खून माफ.

पण तुम्ही त्या दृश्याबद्दल बोलू नका. बोला चाबकाबद्दल. चाबकाबद्दल बोललं की आपण कोमल हृदयाचे ठरतो आणि मालक राक्षस ठरतो. राक्षसाचा एक फायदा असतो, तो आपल्या ओळखीचा निघत नाही. सिनेमातला खरा धोकादायक भाग दुसराच आहे: संध्याकाळी प्रत्येकाचा कापूस तराजूत तोलला जातो आणि आकडे मोठ्याने वाचले जातात. लुपिता न्योंगोची पॅट्सी दिवसाला पाचशे पौंडांच्या घरात वेचते, तिचं कौतुक होतं. ज्यांचा आकडा घसरतो त्यांना बाजूला काढलं जातं. इथे मालक रागावलेला नाही, हिशेब करतोय. रोजचं ‘टार्गेट’ भरणाऱ्या प्रेक्षकाने या दृश्यात पॉपकॉर्न आणायला जावं.

शेवटी ब्रॅड पिट येतो. कॅनडाचा सुतार, गुलामगिरी चूक आहे हे चार वाक्यांत सांगतो आणि पत्र पोचवतो. सॅम्युएल बास नावाचा असा माणूस खरंच होता, तेव्हा ही निव्वळ सोय म्हणता येत नाही. ती भूमिका निर्मात्यांपैकी एकाच्याच वाट्याला आली हा योगायोग मानावा. इटलीतल्या वितरकाने तर पोस्टरवर ब्रॅड पिटचाच भव्य चेहरा छापला, आणि ज्याची बारा वर्षं गेली तो चिवेटेल एजिओफोर खाली कोपऱ्यात धावताना. ओरड झाल्यावर पोस्टरं काढून घेतली. माझ्या मते काढायला नको होती. संपूर्ण चित्रपटप्रकाराचा इतका नेमका सारांश कुठल्याही समीक्षकाने लिहिलेला नाही.

पॅट्सी मागे राहते. गाडी निघते, ती मागे धूसर होत जाते, आणि आपण नॉर्थअपबरोबर घरी येतो. ऑस्कर घेताना मॅक्वीन म्हणाला, की आजही दोन कोटी दहा लाख लोक गुलामगिरीत आहेत. टाळ्या झाल्या. मग मेजवानीला गाड्या निघाल्या.

मेजवानीवरून आठवलं. १९४० मध्ये ‘गॉन विथ द विंड’ला आठ ऑस्कर मिळाले तेव्हा मॅमीची भूमिका करणारी हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय ठरली. ज्या हॉटेलात सोहळा होता तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्मात्याने रदबदली करून तिला आत आणलं आणि भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसवलं. गुलामांना मालकांवर जीव टाकताना दाखवणारा सिनेमा, आणि त्याच्या गौरवाच्या रात्री अशी आसनव्यवस्था. कलेचं आणि जीवनाचं इतकं घट्ट नातं क्वचित दिसतं.

काही सिनेमे चुकूनही लावू नका. हायले गेरिमाचा ‘सांकोफा’ (१९९३) घ्यायला वितरक तयार नव्हते, त्याने स्वतः थिएटरं भाड्याने घेऊन दाखवला. त्यात गुलामच गुलामांशी बोलतात, गोरा वकील येतच नाही. क्यूबाच्या तोमास गुतिएरेस आलेआचा ‘ला उल्तिमा सेना’ (१९७६) तर त्याहून वाईट. साखरेच्या मळ्याचा मालक पवित्र गुरुवारी बारा गुलामांचे पाय धुतो, त्यांना पंगतीला घेतो, नम्रतेवर प्रवचन देतो. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा कामाला जुंपतात आणि ते उठाव करतात, तेव्हा हाच मालक त्यांची मुंडकी उडवतो. दयाळू माणूस बघायला गेलेल्या प्रेक्षकाची ही शुद्ध फसवणूक आहे.

त्यापेक्षा ‘अमेझिंग ग्रेस’ (२००६) घ्या. ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स, संसद, १८०७, गुलामांच्या व्यापारावर बंदी, टाळ्या. तिथेच थांबा. पुढे गेलात तर गुलामगिरी संपवणारा १८३३ चा कायदा लागतो आणि त्यातली दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई लागते. ती मालकांना. गुलामांना शून्य, वर ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत फुकट राबणूक. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची फेड ब्रिटिश करदात्याने २०१५ मध्ये संपवली. मळ्यांवर माणसं कमी पडली म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, मॉरिशसला जाऊ लागले. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोकही होते, त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. पण हा भाग सिनेमात येत नाही, तेव्हा तो आपल्याला माहीत असण्याचं काही कारण नाही.

घरी परतल्यावर चर्चेत जोतीराव फुल्यांचं नाव हमखास घ्या, वजन पडतं. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. एवढंच सांगा आणि चहाचा घोट घ्या. त्याच अर्पणपत्रिकेत पुढे, माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवावं, अशी आशा आहे. ती वाचायची नाही, चहा गार होतो.

आणि एखादा आगाऊ भाचा विचारेलच, की मामा, आपल्याकडे होते का हो गुलाम? त्याला मलिक अंबर सांगू नका, कारण मग तो हबशी गुलाम म्हणून विकला गेला होता हे सांगावं लागेल. मोझांबिकहून गोव्याच्या बाजारात येणारी माणसं सांगू नका. पेशवे दफ्तरातल्या कुणबिणी, म्हणजे विकत घेतलेल्या दासी, तर नकोच नको, त्यांच्या खरेदीचे, बक्षीस दिल्याचे कागद आहेत, आणि कागद असले की नावं निघतात, आडनावं निघतात, कुणाच्या तरी वाड्याचा पत्ता निघतो. अशा वेळी एक खोल श्वास घ्या, मान हलवा, आणि विचारा, “ते राहू दे रे, लुइझियानाच्या दलदलीतलं ते छायाचित्रण बघितलंस का?”