बॅटऱ्यांची बरणी पुन्हा भरा

मावशीच्या ओट्याखाली एक बरणी असते. रिमोटचे सेल, घड्याळातले बटण-सेल, जुन्या मोबाईलच्या बॅटऱ्या असं सगळं ती वर्षानुवर्षं त्यात साठवते आणि बरणी भरली की संकलनाच्या ठिकाणी नेऊन देते. परवा गेलो, तर बरणी धुऊन पालथी घातलेली. आतलं सगळं तिने कचऱ्याच्या पिशवीत ओतलं होतं. कारण काय, तर मेसेज आला. तोच मेसेज मला आठवड्याभरात चौघांनी पाठवलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मेसेजचं म्हणणं असं: आपल्या भागात होऊ घातलेलं कचरा वर्गीकरण आणि हस्तांतरण केंद्र म्हणजे नाव बदललेलं डंपिंग ग्राउंड. तिथे मिथेन साठून स्फोट होतो. रिसायकलिंग हा निव्वळ बनाव आहे. गाड्यांची वर्दळ आणि दुर्गंधी वाढते. आणि शेवटी आवाहन: निषेध म्हणून आजपासून सगळा कचरा एकत्रच द्या.

डंपिंग ग्राउंडवर कचरा कायमचा पडून राहतो. हस्तांतरण केंद्रात छोट्या गाड्या कचरा ओततात, तो थोडा वेळ थांबतो आणि मोठ्या गाडीत भरून पुढे जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली अशा केंद्रांच्या नियोजनावर एक मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यातली व्याख्याही हीच आहे. इथे याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता स्फोट. मेसेजमध्ये उद्ध्वस्त घराचा फोटो आहे आणि खाली 'इंग्लंड, १९८६' असं लिहिलंय. फोटो कुठला ते सोडा, पण त्या साली तिथे अशी घटना खरंच घडली. डर्बीशायरमधल्या लॉस्को गावात मार्च महिन्यात एक बंगला उडाला, तिघे जखमी झाले. पण तिथे हस्तांतरण केंद्र नव्हतं! जुन्या खाणीच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं कचरा पुरला होता, वर मातीचा थर होता, आणि आत तयार झालेला वायू जमिनीतल्या भेगांमधून त्या घराखाली पोचला. मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन अजिबात चालत नाही. कचरा दाबून, झाकून, महिनोन्‌महिने ठेवला तर त्यांचं काम सुरू होतं. उघड्या फरशीवर सकाळी ओतलेला आणि संध्याकाळी उचललेला कचरा त्यांच्या काय उपयोगाचा? लॉस्कोचं उदाहरण खरं तर कचरा पुरण्याविरुद्धचं आहे, आणि पुरायला जाणारा कचरा कमी करायचा तर वर्गीकरणाची जागा लागतेच.

अशा केंद्रांना धोका असतो तो आगीचा, आणि ती आग अनेकदा लावते लिथियम बॅटरी. कचऱ्यात गेलेली बॅटरी कचरागाडीच्या दाबयंत्रात किंवा लोडरच्या चाकाखाली चिरडली की आत शॉर्टसर्किट होतं, ती तापत जाते आणि शेजारचा कागद, पुठ्ठा पेट घेतो. म्हणजे 'कचरा एकत्र द्या' असं सांगणारा हा मेसेज स्फोटाची भीती दाखवून लोकांच्या हातून आगीचंच सामान पाठवतोय. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मावशीची पिशवी नशिबाने अजून दाराशीच होती. हातमोजे घालून उपसली, तर भाजीच्या देठांखाली मोबाईलची एक बॅटरी निघाली, उशीसारखी फुगलेली. अशी बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, बरणीतही ठेवायची नाही; जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवून लवकरात लवकर संकलनाला द्यायची. बाकीच्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली की पुरे.

रिसायकलिंग बनाव आहे म्हणे. प्लास्टिकबाबत, नाइलाजाने, अर्धं मान्य. २०१७ साली 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं. आकडा लाजिरवाणाच आहे. पण तेवढ्यावरून धातू, काच, कागद सगळ्यांनाच खोटं ठरवायचं? ॲल्युमिनियम भंगारातून पुन्हा घडवताना खनिजापासून काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. उलट आमटीत भिजलेला पुठ्ठा कुठलंच केंद्र वाचवू शकत नाही. तो वाया जातो आपल्या घरात, एकाच पिशवीत कोंबल्यामुळे.

वर्दळीचं म्हणणं निम्मं खरं. त्याच अमेरिकी पुस्तिकेतल्या हिशेबात कचरागाडीत ७ टन मावतात आणि मोठ्या गाडीत २१, म्हणजे लांबच्या तीन खेपांची एक होते. पण फाटकाजवळ गाड्या वाढतात, हे खरंच. वासही येऊ शकतो. त्यावर आताच, आराखडा कागदावर असतानाच विचारा: गाड्यांची रांग आवाराच्या आत मावेल का? फरशीवरचा कचरा रोज रिकामा होणार का, आणि यंत्र बंद पडलं तर? झिरपणारं काळं पाणी कुठे जाणार? फरशीवर बॅटरी सापडली तर ती ठेवायची वेगळी जागा नकाशात कुठे दाखवली आहे?