आत्या, तुमचं वेगळं असेल

आज सकाळी चहा उतू गेला. शेगडी अजून पुसलेली नाही. आधी हे लिहिते, मग पुसते.

झालं असं, की पुण्याच्या भाच्यानं घरच्या ग्रुपवर एक यादी टाकली. नव्वदच्या दशकातली सुपरहिट ५० गाणी, ४० आठवली तर तुम्ही खरे नाइन्टीज किड. पोरगं स्वतः जन्मलंय २००३ला. यादीत पहिलं 'मेड इन इंडिया', मग 'आशिकी', 'साजन', 'दीदी तेरा देवर', 'रंगीला', दलेर मेहंदी, फाल्गुनी पाठक, सगळी ओळीनं. मी आपलं हौसेनं लिहिलं, "मला ४७ आठवतात. पण मराठी एकपण नाही काय रे? 'गारवा' कुठाय? आनंद शिंदे कुठायत? आणि आमच्याकडं हंसलेखाची कन्नड गाणीपण तेवढीच वाजायची."

दोन मिनिटांत उत्तर. "आत्या, तुम्ही कर्नाटकातल्या ना, तुमचं वेगळं असेल." आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली ती दोन पिवळी तोंडं.

तुम्ही कर्नाटकातल्या!

ज्याच्या आजोबांनी दर १ नोव्हेंबरला (कर्नाटक स्थापनेचा दिवस, आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन) दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत सायकल मारली, गुडघे गेले तेव्हा फेरी बघायला पायरीवर खुर्ची टाकून बसले, त्यांचा हा नातू. आणि त्याचा बाप, म्हणजे माझा सख्खा भाऊ, बेळगावच्या वडगावात माझ्याच शेजारी बसून मागाच्या सुताच्या कांड्या भरलेला, त्यानं काय करावं? पोराच्या मेसेजला अंगठा. पुण्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली की माणसाला बेळगाव फक्त कुंद्यापुरतं आठवतं. येताना दोन किलो आण म्हणून फोन येतो तेवढा.

इथले लोक आम्हाला म्हणणार, तुम्ही महाराष्ट्राचे. तिकडचे म्हणणार, तुम्ही कर्नाटकातले. आता गाण्यांच्या यादीतपण तेच? 'मेड इन इंडिया' पहिल्या नंबरला ठेवलंय, त्या इंडियात तरी आम्ही येतो की नाही तेवढं सांगा म्हणावं.

बरं, माझ्या कॅसेटची गोष्ट सांगते. काहींनी ऐकली असेल, परत ऐका.

१९९५ची दिवाळी. 'दिलवाले दुल्हनिया' नुकताच लागलेला. मी बारावीला. खडेबाजारात एक कॅसेटवाले मामा होते, दुकान म्हणजे जिन्याखालची खोपटी. आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, ते चार दिवसांनी भरून द्यायचे, गाण्यामागं एक रुपया. (बेकायदेशीर होतं म्हणे. आख्खं बेळगाव तुरुंगात घालायला लागलं असतं.) माझी नव्वद मिनिटांची कॅसेट, सोळा गाणी. यादी करायला आठवडा लागला होता मला, गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर, खोडून खोडून. 'एक लड़की को देखा' आधी की 'तनहा तनहा' आधी, यावर मैत्रिणीशी भांडण झालेलं. 'हम्मा हम्मा' घ्यायचं ठरलं कारण ते रेमोनं गायलंय आणि रेमो गोव्याचा, म्हणजे चोर्ला घाट उतरलं की आपलाच.

२ नोव्हेंबरला कॅसेट आणायला गेले. आदल्या दिवशी काळा दिन, बाबा फेरीला जाऊन आलेले, घरात सगळं तापलेलं. आणि कव्हरच्या पुठ्ठ्यावर बघते तर निळ्या बॉलपेननं सोळा गाणी देवनागरीत, आणि खाली सतरावं. कन्नड अक्षरांत! शाळेत तिसरी भाषा कन्नड होती, त्यामुळं मला ते वाचता आलं, याचाच जास्त राग आला. 'जोतेयली जोते जोतेयली.'

म्हटलं, हे कुणी सांगितलं घालायला?

ते मान वर न करता म्हणाले (तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण), "जागा उरली होती की गं तंगी. बी साइडला चार-पाच मिनटं. रिकामी टेप फिरत बसतंय, बरं वाटत नाही. म्हणून एक घातलो. पैसे सोळाचेच दे."

मी सतरा वर्षांची, आदल्या दिवशीच्या घोषणा कानात. जे तोंडाला आलं ते बोलले. आम्हाला कन्नड नको, जबरदस्ती इथंपण काय, पुसून द्या आत्ताच्या आत्ता. दुकानात आणखी दोघं-तिघं होते, ते गप्प. मामांनी कॅसेट हातात घेतली, मागच्या दोन्ही चकत्या मोडलेल्या दाखवल्या, म्हणाले, "आता पुसत नाही ते. कागद कोंबून आण, पुसून देतो." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

मी परत गेलेच नाही.

आता मुद्द्यावर येते. या याद्या कोण करतं? कशावरनं करतं? आमच्या लहानपणी अमीन सायानींची गीतमाला होती, ती तरी रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं बघून पायदानं लावायची. आमच्या जिन्याखालच्या दुकानात भरलेल्या कॅसेटी कुणी मोजल्या? यळ्ळूरच्या टेंपोत ड्रायव्हरच्या डोक्यावर लटकणाऱ्या डब्यात काय वाजायचं ते कुणी मोजलं? त्या टेंपोत आधी प्रल्हाद शिंदेंचं भक्तिगीत, मग कुमार सानू, मग कन्नड सिनेमातल्या राजकुमारांचं एखादं, मग परत कुमार सानू. कुणी उतरून जायचं नाही. ९६च्या गणपतीत 'बोलो तारारा'वर रात्रभर पोरं नाचली, आणि आमची विसर्जन मिरवणूक तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, तेव्हा पहाटे चारला त्याच भोंग्यातनं कन्नड गाणं लागलं तर त्याच पोरांनी त्याच्यावरपण पाय टाकले. मी स्वतः गॅलरीतनं बघितलंय. पुण्यात बसून यादी करणाऱ्याला हे दिसणार कसं?

हां, मान्य आहे, यादीतली पन्नासही गाणी खरोखरच हिट होती, एकही खोटं नाही. पण म्हणून काय झालं.

माझा राग गाण्यांवर नाहीच. ती गाणी मला अजून पाठ आहेत, रांगेत उभी असले की गुणगुणते. 'मेड इन इंडिया' गाणाऱ्या त्या अलिशाच्या व्हिडिओत मिलिंद सोमण पेटीतनं बाहेर आला तेव्हा आमच्या गल्लीत ज्यांच्या घरी केबल होती त्यांच्याकडं पोरींची रांग लागायची, आणि त्यांच्या आजी म्हणायच्या, "कपडे घालून ये म्हणावं त्याला." पण लहानपण तुमचं तेवढं खरं आणि आमचं 'वेगळं', असं कसं?

कॅसेटचं पुढं सांगते, कारण खरी गंमत घरात झाली.

आमच्या घरात चार यंत्रमाग. वडगावात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना तो आवाज सांगायला नको. धोट्याची खटाखट इतकी, की घरात सगळी ओरडूनच बोलायची, अजून माझा आवाज मोठा आहे तो त्यामुळं. मागाच्या खोलीत खिळ्याला टेप टांगलेला, फुल्ल आवाजात. नाहीतर रेडिओ, सकाळी सांगली, दुपारी धारवाड, जे स्वच्छ लागेल ते. मी आणि भाऊ कोपऱ्यात कांड्या भरायला. बी साइडचं सोळावं गाणं संपत आलं की मी उठून टेप बंद करायची. नियमच केलेला. पण हातात कांडी अर्धी असली की उठता यायचं नाही, सूत तुटतं. मग ते सतरावं सुरू व्हायचं. करंट गेला की माग आणि टेप एकदमच मरायचे, गाण्याचा आवाज जाड होत होत रेड्यासारखा व्हायचा आणि बंद. त्या गाण्यात करंट गेला की मला बरं वाटायचं, देव आपल्या बाजूला आहे म्हणून.

एक दिवस मी कांडी टाकून उठलेच बंद करायला, तर बाबा मागावरनं ओरडले, "असू दे गं. चालू दे."

बाबा! दंडाला काळी फीत बांधणारे बाबा. त्यांची बोटं तुटलेला धागा जोडत होती आणि मान डोलत होती. मी बघतच राहिले. भावानं विचारलं, "बाबा, कन्नड आहे ते." बाबा म्हणाले, "मला काय बहिरा समजलास? गाणं चांगलंय."

मग मीपण ऐकायला लागले, रागारागातच. आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला लक्षात आलं, अगं, हा आवाज तर ए साइडलापण आहे! 'बहुत प्यार करते हैं' म्हणणारा, लताबाईंबरोबर 'दीदी तेरा देवर' म्हणणारा. एसपीबी, म्हणजे एस. पी. बालसुब्रह्मण्यम. मातृभाषा तेलुगू, सलमानचा आवाज हिंदीत, आणि इथं कन्नडमध्ये एस. जानकींबरोबर असा गातोय की जणू हुबळीत जन्मलाय. सूर इलयराजांचा, 'गीता' सिनेमातलं, शंकर नागवर चित्रित. शंकर नाग म्हणजे 'मालगुडी डेज' करणारा, १९९०मध्ये दावणगेरेजवळ अपघातात गेलेला. त्याचा फोटो अजून आमच्याकडच्या रिक्षांच्या मागं दिसतो. ही सगळी माहिती मला पुढं हळूहळू कळली. आणि गाणं १९८१चं! म्हणजे नव्वदच्या यादीत ते बसतच नाही, भाचा म्हणेल ते खरंच. पण माझं नव्वदचं दशक त्या गाण्याशिवाय होत नाही, त्याला मी काय करू?

आता काही जणांच्या बोटांना खाज सुटली असेल, म्हणजे सक्ती तुला मान्य झाली काय म्हणून. नाही. पाट्यांवर ६० टक्के कन्नड, कचेरीत मराठीत कागद मागितला की कपाळाला आठ्या, त्याबद्दल माझं मत १९९५ला होतं तेच आहे आणि तेच राहणार. एक गाणं आवडलं म्हणून सीमाप्रश्न सुटला असं मी म्हणत नाही. मला तेवढी अक्कल आहे. पण त्या माणसानं माझ्यावर सक्ती केली नव्हती. त्याच्या हातात चार मिनिटं उरली होती आणि त्याला रिकामी टेप सोडवत नव्हती, एवढंच. त्याला जे सगळ्यात आवडतं ते त्यानं घातलं. फुकट. आणि मी त्याला चार माणसांत काय काय बोलले.

२५ सप्टेंबर २०२०ला एसपीबी गेले, तेव्हा कोरोनामुळं सगळे घरात. टीव्हीवर बातमी लागली आणि मी माळ्यावर चढले. बुटाच्या खोक्यात कॅसेट मिळाली. पुठ्ठा पिवळा पडलाय, निळी शाई पसरलीय, पण सतरावी ओळ तशीच. बाबा तेव्हा होते. त्यांच्या हातात दिली, चष्मा लावून बघितली, म्हणाले, "त्या पोराला एकदा चहा पाजायला पाहिजे होता." मामा बाबांपेक्षा लहान, म्हणून पोरगा.

त्या जिन्याखाली आधी सीडी आल्या, मग मोबाइलचं रिचार्ज, आता कव्हरं लटकतात. मी गेल्या वर्षी जाऊन विचारलं. आत बसलेल्या मुलाला काही माहीत नव्हतं, म्हणाला, "कॅसेट म्हणजे?" मी उगाचच एक कव्हर घेऊन आले. माझ्या फोनला बसत नाही.

भाच्यावरचा राग एवढं लिहीपर्यंत उतरला बघा. पोरगं वाईट नाही. मीपण सतराव्या वर्षी तशीच होते, किंबहुना जास्तच. तो निदान हसला, मी तर भांडून आले. भावाला मात्र सोडणार नाही. त्या अंगठ्याचा हिशेब दिवाळीला. मागाच्या खोलीत माझ्याशेजारी बसून हे गाणं त्यानं निदान दोनशे वेळा ऐकलंय, आंघोळीला जाताना चुकीच्या शब्दांनी म्हणायचापण, आणि आता पोराला सांगायला जीभ झडली काय?

आत्ताच भाच्याचा मेसेज आलाय, "आत्या रागावलीस काय? ते कन्नड गाणं कुठलं, लिंक पाठव ना." लिंक पाठवणार नाही. घरी ये आणि टेपवर ऐक, असं लिहिलंय.

पण टेपचा बेल्ट सैल पडलाय आणि बी साइडला आवाज घरघरतोय. शहापूर, वडगाव, खडेबाजार, कुठंही जुना टेप दुरुस्त करणारं कुणी राहिलंय काय? पत्ता माहीत असला तर खाली टाका. नवीन घ्या, ब्लूटूथवर ऐका, असले सल्ले नकोत.

शेगडी पुसायला जाते.