डेन्मार्कचा राजा, फील्ड मार्शल आणि 1940 ची शरणागती: फिरत्या मजकुरातल्या चुका

स्पर्धा परीक्षांच्या आणि इतिहासप्रेमींच्या गटांत एक मजकूर पुन्हापुन्हा पुढे ढकलला जातो. त्याचा आशय असा: डेन्मार्कच्या भूदलातला सर्वोच्च हुद्दा फील्ड मार्शलचा. व्हायकिंगांच्या काळापासून तो राजाकडेच चालत आला आहे. 1940 मध्ये डेन्मार्कच्या सेनापतीने लढायची तयारी न दाखवता जर्मनांपुढे शस्त्रं टाकली, तेव्हापासून सैन्याच्या प्रमुखाचं पद निव्वळ शोभेचं उरलं.

यातलं एकही विधान खरं नाही. पहिल्या दोन चुका माहितीच्या आहेत, त्या दुरुस्त होतील. तिसरं विधान मात्र एका माणसावर अन्याय करतं, आणि त्याचा मला खरोखर राग आहे.

आधी हुद्द्याचं बघू. आजच्या डेन्मार्कमध्ये फील्ड मार्शल हा हुद्दाच नाही. जनरलच्या वर काही नाही. हा चार ताऱ्यांचा हुद्दा एरवी संरक्षणदल प्रमुखाकडे, म्हणजे तिन्ही दलांच्या एकत्रित प्रमुखाकडे, असतो. आपल्याकडे लष्करप्रमुख जनरल असतो, म्हणून तिथेही तसंच असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात डॅनिश भूदलाचा प्रमुख अलीकडच्या वर्षांत मेजर जनरल, म्हणजे दोन ताऱ्यांचा अधिकारी असतो. संरक्षणदल प्रमुखाचं पद 1950 मध्ये निर्माण झालं आणि त्यावर तिन्ही दलांतून कुणीही येऊ शकतो. पहिला प्रमुख क्विस्टगार्ड हा आरमारातला ॲडमिरल होता आणि तो 1962 पर्यंत त्या पदावर राहिला. म्हणजे दलप्रमुख आरमारातून किंवा हवाई दलातून आला, की त्या काळात भूदलाचा गणवेश घातलेला चार ताऱ्यांचा अधिकारी देशात सहसा नसतोच.

आता व्हायकिंगांपासूनच्या परंपरेकडे वळू. व्हायकिंग काळ अकराव्या शतकात संपला. सैन्याचा मुख्य अधिकारी म्हणून ‘मार्स्क’, म्हणजे मार्शल, हे पद ठळक दिसतं ते तेराव्या शतकात, आणि तेही राजाकडे नव्हे, सरदारांकडे. त्यातला सगळ्यांत गाजलेला मार्स्क म्हणजे स्टिग अँडरसन. 1286 च्या नोव्हेंबरमध्ये फिन्नेरुप इथे राजा एरिक क्लिपिंगचा खून झाला. पुढच्या वर्षी न्यूबोर्गच्या सभेने स्टिगसह अनेक बड्या सरदारांना दोषी ठरवून देशाबाहेर काढलं. स्टिगने येल्म नावाच्या छोट्या बेटावर तळ ठोकला आणि नॉर्वेच्या राजाच्या पाठबळावर झुंज चालू ठेवली. खून त्यानेच करवला का, यावर इतिहासकार अजून भांडतात. आपल्यापुरतं एवढं पुरे की जे पद ‘राजाकडेच चालत आलं’ असं सांगितलं जातं, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध धारकावर राजाच्या खुनाचा आरोप सिद्ध धरला गेला होता.

पुढे या पदाला रिग्समार्स्क, राज्याचा मार्स्क, म्हणू लागले. तो सरदारांच्या राज्यपरिषदेत बसे, आणि राजाला गादीवर येण्याआधी त्याच सरदारांच्या अटींवर सही करावी लागे. रिग्समार्स्क अँडर्स बिले 1657 मध्ये फ्रेडरिक्सओड्ड, म्हणजे आजचं फ्रेडेरिसिया, वाचवताना स्वीडिश हल्ल्यात जखमी झाला आणि त्या जखमांनीच गेला.

1660 मध्ये वंशपरंपरागत राजेशाही आली, पाठोपाठ राजाची निरंकुश सत्ता आली, आणि सरदारांचा हा हक्क गेला. फील्ड मार्शल हा हुद्दा खऱ्या अर्थाने फुलला तो या काळात. पण तेव्हाही राजा तो स्वतःच्या खांद्यावर मिरवत नव्हता, तो इतरांना देत होता, आणि बहुतेकदा परक्यांना. हान्स शाक जर्मन मुलखातला, आधी फ्रान्सच्या चाकरीत होता. 1659 च्या फेब्रुवारीत त्याने कोपनहेगनवरचा स्वीडिश हल्ला परतवला, नोव्हेंबरात न्यूबोर्गच्या लढाईत विजय मिळवला आणि बक्षिसात जहागीर मिळवली. शाकेनबोर्ग हे नाव त्याच्यावरूनच पडलं. शतकभराने फ्रेंच काउंट द सँ-जेर्मां आला. 1762 मध्ये रशियाचा झार तिसरा पीटर डेन्मार्कवर चालून यायच्या बेतात असताना मेक्लेनबर्गमध्ये डॅनिश सैन्य याच फील्ड मार्शलच्या हाताखाली उभं होतं. जुलैत पीटर पदच्युत झाला आणि युद्ध टळलं. हाच माणूस पुढे 1775 मध्ये फ्रान्सचा युद्धमंत्री झाला. तिसरं उदाहरण जर्मन मुलखातल्या हेसेच्या कार्लचं: तो राजघराण्याचा जावई, पुढे राजाचा सासराही. यावरून त्या सैन्याची घडण कळते. डॅनिश सैन्यात हुकूम डॅनिश भाषेत सुटू लागले तेच मुळी 1773 मध्ये. तोवर ते जर्मनमध्ये दिले जात.

आजच्या राजाकडे मोठा हुद्दा आहे हे खरं. दहावा फ्रेडरिक 14 जानेवारी 2024 ला गादीवर आला तेव्हा भूदल आणि हवाई दलात जनरल, आरमारात ॲडमिरल झाला. पण फील्ड मार्शल नाही. आणि राज्यघटनेचं 19 वं कलम सांगतं की देशावर किंवा डॅनिश सैन्यावर हल्ला झाल्यास प्रतिकार करणं सोडलं, तर संसदेच्या संमतीशिवाय परराष्ट्राविरुद्ध सैन्य वापरता येत नाही. राजाच्या नावाने होणारा कारभार मंत्री करतात.

आता 1940. सेनापती होते विल्यम वेन प्रिओर, हुद्द्याने लेफ्टनंट जनरल. जर्मन सैन्य सीमेवर जमत असल्याच्या बातम्या येत होत्या तेव्हा, 8 एप्रिललाच, त्यांनी सैन्याची पूर्ण जमवाजमव करायची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. 9 एप्रिलच्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास जर्मन सैन्य सीमा ओलांडून आलं, दक्षिण जूटलंडमध्ये डॅनिश तुकड्या लढल्या आणि त्यांची माणसं पडली. कोपनहेगनमध्ये अमालियनबोर्ग राजवाड्याबाहेर राजाच्या पहारेकऱ्यांची जर्मनांशी गोळीबाराची चकमक चालू असताना आत बैठक बसली होती: राजा दहावा क्रिश्चन, पंतप्रधान स्टाउनिंग, परराष्ट्रमंत्री मुंक आणि प्रिओर. वर जर्मन विमानं घिरट्या घालत होती. राजाने हेव्हेल्टेच्या छावणीत जावं आणि लढाई चालू ठेवावी, असं प्रिओर सांगत होते. राजा आणि मंत्र्यांनी शरणागतीचा निर्णय घेतला. राजधानी बॉम्बखाली सापडेल ही भीती खोटी नव्हती, त्यामुळे त्या निर्णयाला आजही दोन बाजू आहेत. पण त्या बैठकीत लढू म्हणणारा माणूस कोण होता, याला दोन बाजू नाहीत. ज्याने विरोध केला त्याच्याच माथी शरणागती मारायची, हे मला मान्य नाही.

त्याच दिवशी रोस्किल्डच्या चौथ्या रेजिमेंटचे कर्नल बेनिके यांचा शरणागतीच्या हुकमावर विश्वासच बसला नाही. हाताशी होते ते सैनिक घेऊन ते हेल्सिंगोरहून फेरीबोटीने स्वीडनला निघून गेले. प्रिओरनंतर सेनापती झालेल्या गोर्त्स यांच्या काळात, 29 ऑगस्ट 1943 ला, जर्मनांनी डॅनिश सैन्य निःशस्त्र केलं. पुढे भूमिगत सैन्याची सूत्रं याच गोर्त्स यांच्याकडे आली.

राहिलं ‘शोभेचं पद’. शोभेच्या पदावरून कुणी कुणाला काढत नाही, आणि डॅनिश सैन्याच्या प्रमुखाला 1940 च्या आधीही काढलं गेलं, नंतरही. 1864 मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात लेफ्टनंट जनरल डे मेझा सुमारे 40,000 माणसं घेऊन डॅनेव्हिर्केच्या तटबंदीवर होते. दोन्ही बाजूंच्या दलदलीवर भिस्त होती, ती कडाक्याच्या थंडीत गोठली आणि शत्रूला वाट मिळाली. 5 फेब्रुवारीच्या रात्री डे मेझांनी सैन्य बर्फातून मागे काढलं आणि वाचवलं. तोफा मागे राहिल्या, कोपनहेगनमध्ये संतापाची लाट उसळली आणि सरकारने त्यांना हटवलं. त्यांच्या जागी आलेल्या गेर्लाख यांच्या सैन्याला डुब्बेलच्या खंदकांत टिकून राहायचा हुकूम राजधानीतून तारेने येत राहिला. 18 एप्रिलला डुब्बेल पडलं.

अगदी अलीकडचं उदाहरणही आहे. 9 मार्च 2024 ला तांबड्या समुद्रात ‘इव्हर ह्युटफेल्ट’ या डॅनिश युद्धनौकेवर ड्रोनहल्ला झाला, आणि ऐन वेळी तिची क्षेपणास्त्रयंत्रणा बंद पडली. ही गोष्ट संरक्षणदल प्रमुख जनरल लेन्टफर यांनी मंत्र्यांना कळवली नाही, मंत्र्यांना ती बातमीदारांकडून कळली. 3 एप्रिलला संरक्षणमंत्री ट्रोल्स लुन पोल्सन यांनी आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं, आणि डेन्मार्कमधल्या सर्वोच्च हुद्द्याच्या अधिकाऱ्याला त्याच दिवशी पद सोडावं लागलं.