साडेचार सेंटिमीटरचा प्रवास

आत्याच्या लेकरांनी देशाची दोन टोकं धरून ठेवली आहेत. मुलगा मिलिटरीत, लेहला. जावई नेव्हीत, म्हणून मुलगी पोर्ट ब्लेअरला. आणि आत्या इंदुरात, रामबागेत, दोन्हीकडच्या हवामानाची काळजी करत.

गेल्या दिवाळीला चिरंजीवांना सहा दिवसांची रजा मिळाली. भाऊबिजेला परस्पर ताईकडे जायचं ठरलं आणि आत्यानं मला बोलावून घेतलं. "तू दिवसभर कॉम्प्युटरवर बसतोस ना? मग सांग, किती वेळ लागेल?"

सरळ तिकिटं बघायची सोडून मी अंतर बघितलं. सगळं इथेच बिघडलं. स्क्रीनवर आलं : २,९४० किलोमीटर, ४ तास १० मिनिटं.

आत्याचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही. तिनं माळ्यावरून मुलाचा सहावीतला पृथ्वीगोल काढला. दक्षिण ध्रुवाला पोचा पडलेला, पण विषुववृत्त शाबूत. शिवणाची टेप गुंडाळून घेर मोजला : ६३ सेंटिमीटर. खऱ्या पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर, म्हणजे सेंटिमीटरला ६३५. मग गोधडीचा दोरा लेहवर अंगठ्यानं दाबून, नेपाळवरून, बंगालच्या उपसागरावरून ताणत अंदमानात नेला. ४.६ सेंटिमीटर. गुणाकार २,९२१. उरलेले १९ किलोमीटर आत्याच्या मते दोऱ्याच्या गाठीत गेले.

"चार तास? अरे, म्हणजे आपलं बसनं इंदूर-भोपाळ!" तिनं तिथल्या तिथे लेहला फोन लावला. "सकाळी निघ, दुपारी ताईकडे जेवायला."

तो हिशेब कसा होतो ते मला नंतर उमगलं. अंतराला ताशी ८०० किलोमीटरनं भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा. त्या वाटेनं विमान जातं का, ही चौकशी त्यात नाहीच.

लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून उंच. हवा विरळ, भोवती डोंगर, दुपारी खोऱ्यात वारा सुटतो, म्हणून प्रवासी विमानं सकाळीच उरकतात. सकाळ हुकली की दिवस हुकला. आमच्या भावाची पहिली सकाळ ढगांनी खाल्ली. दुसऱ्या सकाळी तो दिल्लीला पोचला आणि पुढचं विमान गाठायला अकरा मिनिटं कमी पडली.

भाऊबीज नेमकी त्याच दिवशी.

पोर्ट ब्लेअर लेहच्या पंधरा अंश पूर्वेला. घड्याळ एकच, पण सूर्य तासभर पुढे. दिवाळीत तिथे पाचच्या सुमारास दिवस मावळतो. ताईनं तिन्हीसांजेला निरांजन लावलं, ताटात सुपारी, अक्षता, आणि फोन केला, "निघाला का?" तो दिल्लीच्या उन्हात समोसा खात होता. निरांजनात तिनं तीनदा तूप घातलं. तो त्या रात्री कोलकात्याला खुर्चीवर, बूट उशाला घेऊन झोपला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोचला. ओवाळणी झाली, दुपारी झोप झाली, आणि परतीच्या सकाळीही ढग आले तर, म्हणून एक दिवस हाताशी ठेवून तो लगेच निघाला.

आत्यानं त्याला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं मला. "साडेचार सेंटिमीटर जायला तीन दिवस?"

दोरा अजून गोलावर आहे, दोन टाचण्यांनी टोचलेला. परवा तिनं विचारलं, "रामबागेतून विमानतळाला किती वेळ लागेल रे?" मी म्हटलं, "आत्या, आधी रिक्षा मिळते का बघतो."