सडाफटिंगाची भिंत

भिंतीवर चित्र लावणं हे मुळात दोन माणसांचं काम आहे. एकाने स्टुलावर चढून चित्र धरायचं आणि दुसऱ्याने मागे उभं राहून, कमरेवर हात ठेवून बोलत राहायचं: "थोडं डावीकडे... जास्त झालं... आता वर... नको, मघाचंच बरं होतं." या दुसऱ्याला श्रम शून्य आणि अधिकार सगळे. संसारी माणसाला ही सोय घरातच असते. माझ्यासारख्या सडाफटिंगाला दोन्ही पात्रं एकट्याने वठवावी लागतात. पंचाईत अशी, की चित्र दोन्ही हातांत धरलेलं असताना डोळे त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतात. तिथून कलाकृती दिसत नाही. काचेत स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसतं, आणि तेही वाकडं.

मित्राला बोलवावं म्हटलं, तर काम दहा मिनिटांचं आणि खर्च एका संध्याकाळचा. मित्र आधी चित्रावर मत देतो, मग भिंतीच्या रंगावर, मग सोफ्यावर, आणि तासाभराने विषय 'तू अजून एकटा का' इथे येऊन ठेपतो. तोवर चित्र जमिनीवर, भिंतीला टेकून, शिक्षा केलेल्या पोरासारखं उभं असतं. बरीच चित्रं मग आयुष्यभर तशीच टेकून राहतात. विचारलंच कुणी, तर 'हल्ली अशीच फॅशन आहे' म्हणायचं. आहेही तशी फॅशन. ती कुण्या एकट्या माणसानेच काढली असणार, अशी मला दाट शंका आहे.

तर मुकाट्याने एकट्यानेच लावायचं ठरवलं, की पहिली चूक मापात होते. एकटा माणूस चित्र घेतो ते स्वतःला एकट्याने उचलता येईल एवढं. मग 180 सेंटिमीटरच्या सोफ्यावर तळहाताएवढी फ्रेम लटकते आणि भिंतीला पोस्टाचं तिकीट डकवल्यासारखं दिसतं. साधा हिशेब असा, की खालच्या फर्निचरच्या रुंदीच्या सुमारे दोन तृतीयांश रुंदी वर भरलेली हवी. म्हणजे 180 च्या सोफ्यावर 120 च्या आसपास. एक मोठं चित्र नसेल तर दोन मध्यम, मध्ये पाचसहा सेंटिमीटरची फट. सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत 15 ते 20 सेंटिमीटर अंतर. याहून कमी ठेवलं तर बसणाऱ्याचं डोकं आपटतं, जास्त ठेवलं तर चित्र छताकडे निघाल्यासारखं वाटतं.

आता काच. काचेचं वजन तोंडपाठ असावं. एक चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. 60 बाय 80 सेंटिमीटरच्या फ्रेमला 2 मिलिमीटरची काच घातली तर ती एकटीच 2.4 किलोची झाली, लाकूड आणि पाठीचा बोर्ड वेगळा. तेवढंच अ‍ॅक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक) निम्म्या वजनात बसतं आणि पडलं तरी फुटत नाही, म्हणून एकट्या माणसाला ते बरं. पण चित्र कोळशाचं किंवा सुक्या पेस्टलचं असेल तर अ‍ॅक्रिलिकचं नावही काढू नये. पुसलं की त्यात स्थिर वीज तयार होते आणि चित्राची भुकटी ते आपल्याकडे ओढून घेतं. सहा महिन्यांत चित्रातल्या बाईंच्या भुवया अ‍ॅक्रिलिकच्या आतल्या बाजूला. काच पुसतानाही फवारा कापडावर मारावा, काचेवर नाही. नाहीतर पाणी खालच्या कडेने आत उतरतं आणि कागद फुगतो.

चित्राभोवतीचा पांढरा पुठ्ठा, म्हणजे माउंट, हा पाहुण्यांना निव्वळ नखरा वाटतो. त्याला दोन कामं असतात. एक, काच चित्राला टेकू न देणं, कारण दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग सोलून निघतो. दुसरं, चित्राला श्वास घ्यायला जागा देणं. पुठ्ठा आम्लरहितच मागावा. स्वस्तातला पुठ्ठा काही वर्षांत कापलेल्या कडेलगत चित्रावर तपकिरी रेघ उमटवतो आणि ती जात नाही. खालची पट्टी बाकीच्यांपेक्षा सेंटिमीटरभर रुंद घ्यावी. चारही सारख्या घेतल्या तर नजरेला चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. मोजपट्टीचं खरं आणि डोळ्याचं खरं यांचं इथून पुढे पटत नाही, हे आत्ताच लक्षात घ्या.

उंचीचा प्रश्न तसा सुटलेला आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 145 सेंटिमीटरवर ठेवायची गॅलऱ्यांची पद्धत आहे. उभ्या माणसाची नजर साधारण तिथेच पडते. सोफ्यावर लावताना मात्र सोफ्याचा हिशेब धरावा. बहुतेक घरांत चित्रं फार उंचावर असतात. त्याचं कारण कलाविषयक नाही. माणूस खिळा ठोकतो तो हात वर करून जिथे पोचतो तिथे. खिळ्याची उंची अशी काढायची: 145 मध्ये फ्रेमची निम्मी उंची मिळवा आणि त्यातून तारेचा उतार वजा करा. म्हणजे फ्रेमच्या पाठीवर दोन कड्यांना बांधलेली तार मध्यावर बोटाने वर ताणल्यावर ती फ्रेमच्या वरच्या कडेपासून जेवढी खाली राहते तेवढं. 80 सेंटिमीटर उंच फ्रेम आणि 12 सेंटिमीटर उतार असेल तर 145 + 40 − 12, खिळा 173 वर. हे वजा करायचं विसरणं ही राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय आणि सार्वकालिक चूक आहे.

डावंउजवं ठरवायला तो कमरेवर हात ठेवणारा माणूस नाही, म्हणून वर्तमानपत्र. फ्रेमच्या मापाचा कागद कापायचा, खिळ्याची जागा त्यावर फुलीने दाखवायची, कागद चिकटपट्टीने भिंतीला लावायचा आणि तीन मीटर मागे जाऊन पाहायचं. कागदाला वजन नसतं, मत नसतं. तो दोन दिवस तसाच ठेवावा. जाता-येता नजरेला खुपला तर सरकवावा. मोबाइलवर फोटो काढून बघितला तर आणखी चांगलं. आरशात आणि समोर न दिसलेला वाकडेपणा फोटोत चटकन दिसतो, हे स्वतःचे फोटो पाहिलेल्या कुणालाही पटेल.

मग ड्रिल. हा प्रकार जरा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण इथेच माणसाचा स्वभाव उघडा पडतो. नुसता खिळा ठोकला तर तो बहुधा प्लास्टरच्या दीड-दोन सेंटिमीटरमध्येच अडकतो, वाकतो, आणि हातोडीच्या चौथ्या घावाला बशीएवढा पोपडा घेऊन खाली येतो. म्हणून ड्रिलला 6 मिलिमीटरचं भिंतीचं बिट, त्याच मापाचा प्लॅस्टिकचा वॉल प्लग (भोकात बसून स्क्रू घट्ट धरतो तो) आणि 4 मिलिमीटर जाडीचा स्क्रू, ज्याला मी सवयीने खिळाच म्हणतो. प्लग प्लास्टरच्या पलीकडे, विटेत बसला पाहिजे. म्हणून भोक साधारण 50 मिलिमीटर खोल, आणि तेवढ्या अंतरावर बिटाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून खूण. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडव्या रेषेत भोक पाडू नये. विजेच्या तारा बहुधा तिथूनच गेलेल्या असतात, आणि एकट्या माणसाला शॉक बसला तर ते कळायला लोकांना वेळ लागतो.

सुरुवात ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारं बटण, बंद ठेवून, हळू. आधी खळगा पाडायचा, नाहीतर बिट भिंतीवर घसरून नक्षी काढतं. मग हॅमर चालू. बाहेर पडणारी धूळ वाचायला शिकावं. आधी प्लास्टरची फिकट धूळ, मग लाल आली की वीट, राखाडी आली की काँक्रीट. भुसभुशीत रेती आली आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं शिरलं, तर तुम्ही दोन विटांच्या सांध्यात आहात. तिथे प्लग धरत नाही, दोन-तीन सेंटिमीटर सरका. पांढरी भुकटी येऊन अचानक पोकळी लागली तर भिंत जिप्समची आहे, तिला आत पंख उघडणारे वेगळे अँकर लागतात. बिट मध्येच खणकन अडलं आणि पुढे जाईना, तर आत सळई असेल. तिच्याशी पैज लावू नये.

धुळीसाठी भोकाखाली कागदाचं पाकीट उघडं चिकटवून ठेवायचं. निम्मी धूळ त्यात, उरलेली चष्म्यावर. भोक झालं की ते साफ करणं अत्यावश्यक. आत भुकटी राहिली तर प्लग पूर्ण बसत नाही, पाव इंच बाहेर डोकावतो आणि मग माणूस तो हातोडीने हाणतो. भोक तोंडाने फुंकायचं असेल तर डोळे मिटून फुंका. स्क्रू फिरवताना प्लगच गोल फिरू लागला तर भोक सैल झालंय. 8 मिलिमीटरचं बिट घालून मोठा प्लग बसवावा, काडेपेटीच्या काड्या कोंबू नयेत. चुकलेल्या भोकांबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. ती सहसा फ्रेमच्या मागेच असतात, आणि चित्र जितकं मोठं तितक्या चुका ते पोटात घालतं. मोठ्या कलाकृतींची मागणी टिकून आहे त्यामागे हेही कारण असावं.

तारेचं गणित बहुतेकांना उलटं वाटतं. तार जितकी ताठ तितकी मजबूत, अशी समजूत असते. प्रत्यक्षात एका खिळ्यावर लटकलेल्या 5 किलोच्या चित्राची तार आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूला 5 किलोचा ताण येतो. तीच तार ताठ करून 10 अंशांवर आणली की ताण 14 किलोंच्या वर जातो. फ्रेमच्या उभ्या पट्ट्या आत ओढल्या जातात, कोपरे उघडतात, आणि एका मध्यरात्री कड्यांचे स्क्रू राजीनामा देतात. म्हणून कड्या वरून एक तृतीयांश अंतरावर आणि तार थोडी सैल. खिळा एक नको, दोन हवेत, फ्रेमच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या अंतरावर. एका खिळ्यावरचं चित्र दार आपटलं की मान कलती करतं, दोन खिळ्यांवरचं करत नाही. फक्त तारेचा उतार दोन बोटांनी, तेवढंच अंतर धरून, नव्याने मोजायचा.

आणि चित्र दोन्ही हातांत असताना मागची न दिसणारी तार खिळ्यावर चढवायची कशी? इथे एकट्याच्या घरातला काटा-चमचा कामी येतो. काट्याचे दात खिळ्यावर अडकवायचे, दांडा वर आणि थोडा पुढे. तार त्या दांड्यावर टाकली की घसरत खिळ्यावर येते, मग काटा काढून घ्यायचा. दोन खिळे असतील तर दोन काटे. घरात काटा एकच असेल, तर सामाजिक आयुष्याचा विचार आधी करावा, चित्राचा नंतर.

शेवटी फ्रेमवर लेव्हल, म्हणजे बुडबुड्याची पट्टी, ठेवायची. बुडबुडा मधोमध येतो आणि तरी चित्र वाकडं दिसतं, कारण छत वाकडं असतं. चित्र खरं ठेवायचं की छताशी जुळवून घ्यायचं, हा लोकांत राहण्याचा जुनाच पेच आहे. मी जवळच्या रेषेशी जुळवून घेतो. वर-खाली कुठली बाजू, याचीही एकदा खात्री करून घ्यावी. 1961 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातिसचं 'ल बातो' हे चित्र 47 दिवस उलटं टांगलेलं होतं. लाखावर माणसं समोरून गेली, शेवटी एका प्रेक्षक बाईंच्या लक्षात आलं. मोंद्रियानचं रंगीत पट्ट्या चिकटवलेलं एक चित्र तर 1945 पासून उलटं असल्याचं 2022 साली जाहीर झालं. ते तसंच ठेवलंय, कारण आता सुलटं करायला गेलं तर चिकटपट्ट्या सुटतील. त्या लाखभर माणसांतले किती जण 'वा, काय हालचाल आहे यात' म्हणाले असतील, याचा विचार केला की कलेबद्दल बोलायचा धीर येतो.

उजेडाचं थोडक्यात. जलरंगाला 50 लक्सच्या (हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको, तैलरंगाला 200 चालतो. थेट उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो. उडालेला रंग परत येत नाही.

चैनीबद्दल मात्र सावध केलं पाहिजे. अठराव्या शतकात दिदेरो या फ्रेंच विचारवंताला एक नवाकोरा लाल झगा मिळाला. त्या झग्यापुढे जुनी खुर्ची दरिद्री दिसू लागली, ती बदलली. मग टेबल, मग पडदे, मग भिंतीवरची चित्रं. ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने पुढे या प्रकाराला दिदेरोचंच नाव दिलं. चित्र लावल्यावर दुसऱ्याच दिवशी सोफ्याचा विटलेला कोपरा दिसतो, तिसऱ्या दिवशी दिवा. घरात बायको असती तर 'पुरे' म्हणणारं कुणी असतं, असं मी म्हणणार होतो. पण संसारी मित्रांचे पडदे पाहिले आहेत, म्हणून म्हणत नाही.

आता चित्र लागलंय म्हटल्यावर माणसं येणार. बसायची जागा चित्राच्या कर्णाच्या दीडपट अंतरावर हवी. 60 बाय 80 च्या चित्राचा कर्ण एक मीटर, म्हणजे खुर्ची दीड मीटरवर. एकट्याच्या घरात चांगली खुर्ची एकच असते, त्यामुळे पाहुणा तिथे बसतो आणि यजमान चित्राखाली, प्रदर्शनातल्या शिपायासारखा. पाहुण्यांपैकी एक जण उठून तर्जनीने फ्रेमचा कोपरा ढकलून 'सरळ' करतोच. त्यासाठी खालच्या दोन कोपऱ्यांमागे रबराच्या टिकल्या चिकटवाव्यात, फ्रेम भिंतीला धरून राहते. मागे हवा खेळते, ओलही धरत नाही.

दुसरा एक जण मात्र हात लावत नाही. तो तीन मीटर मागे जातो, कमरेवर हात ठेवतो, मान कलती करतो आणि म्हणतो, "थोडं डावीकडे हवं होतं." त्याच्याशी 145 सेंटिमीटर, विटेची लाल धूळ, वर्तमानपत्राचा कागद यांबद्दल वाद घालू नये. उठावं, चित्र दोन्ही हातांनी धरावं, किंचित उचलावं, क्षणभर भिंतीपुढे श्वास रोखून उभं राहावं आणि होतं तिथेच ते परत टेकवावं.

"आता?"

"हां, आता बरोबर."